वळिवड्याची पोलिश छावणी आणि फादर प्लुता : यादी, सही आणि पालकत्व

लग्नाचा बस्ता काढायला निपाणी, चिकोडी, संकेश्वर आणि बेळगावकडची कितीतरी कुटुंबे कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी ही पेठ वसवली, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यांच्याआधी याच वळिवड्याच्या माळावर पाच वर्षे पोलंडची माणसे राहत होती, हे मात्र नव्या पिढीतल्या फार थोड्यांना माहीत आहे. निपाणीपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांचे एक गावच वसले होते. त्यात बहुसंख्य बायका आणि मुले होती.

मंडळाच्या माहिती विभागात आम्ही ही नोंद दोन कारणांनी घेत आहोत. एक तर हा आपल्या शेजारचा इतिहास आहे. दुसरे कारण फादर फ्रान्चिशेक प्लुता हे पोलिश धर्मगुरू. युद्धाच्या काळात दडपशाहीपासून इतरांना वाचवणाऱ्या धर्मोपदेशकांच्या गोष्टी जगभर सांगितल्या जातात. त्यांतली एक गोष्ट आपल्या इतक्या जवळून गेली आहे आणि तिचा अवघड भाग युद्ध संपल्यावर सुरू होतो. तो भाग सहसा सांगायचा राहतो. या लेखात भर त्यावरच आहे.

ही माणसे आली कुठून

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून आत शिरले. देश दोघांत वाटला गेला. पूर्वेकडच्या भागातून सोव्हिएत सत्तेने लोकांना उचलून न्यायला सुरुवात केली. पहिली मोठी हद्दपारी १० फेब्रुवारी १९४० ची. त्यानंतर १९४० च्या एप्रिल व जूनमध्ये आणि १९४१ च्या जूनमध्ये पुन्हा तेच झाले. शिपाई पहाटे दारात यायचे, हातात नावांची यादी असायची, आणि सामान बांधायला थोडासा वेळ मिळायचा. शेतकरी, वनखात्यातले नोकर, शिक्षक, सैन्यातल्या माणसांची कुटुंबे यांना मालगाडीच्या डब्यांत भरून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियातल्या जंगलांत नेऊन सोडले. लाकूडतोड, उपासमार, थंडी आणि टायफस यांत हजारो दगावले. कित्येक मुलांचे आईवडील तिथेच गेले.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावरच चाल केली आणि चित्र पालटले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमध्ये पोलंडच्या निर्वासित सरकारचा आणि सोव्हिएत सरकारचा करार झाला. हद्दपार केलेल्या पोलिश लोकांना मोकळीक मिळाली आणि जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. माणसे दक्षिणेकडे निघाली. १९४२ मध्ये सैन्याबरोबर हजारो बायकामुले कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचली. काही अनाथ मुलांना अश्काबादहून मालमोटारींनी मशहद, झाहेदान आणि क्वेट्टामार्गे हिंदुस्थानात आणले गेले. या कामामागे मुंबईतले पोलिश वकील एउगेनिउश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांची मोठी धडपड होती.

मुंबई, बालाचडी आणि फादर प्लुता

मुलांची पहिली तुकडी १९४२ साली मुंबईत आली आणि काही दिवस वांद्र्याला राहिली. ख्रिस्ती मठ आणि शाळांनी दारे उघडली. मुंबईचे आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स मुलांच्या मदतीच्या कामात पुढे होते. हे तेच रॉबर्ट्स, ज्यांनी पुढे आपली जागा भारतीय माणसाकडे जावी म्हणून मुंबई सोडली. त्यांच्यानंतर वलेरियन ग्रेशियस आर्चबिशप झाले.

मुलांना कायमचे छप्पर दिले ते नवानगरचे महाराज जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी. जामनगरजवळ समुद्रकाठी बालाचडी येथे त्यांनी छावणी उभी करवली. तुम्ही आता अनाथ नाही, नवानगरचे आहात आणि मी तुमचा बापू आहे, अशा आशयाचे त्यांचे बोलणे त्या मुलांनी आयुष्यभर लक्षात ठेवले. खर्चासाठी संस्थानिकांकडून आणि इतर दात्यांकडून निधी जमवला गेला.

या छावणीचे प्रमुख होते फादर प्लुता. शेकडो मुले, त्यातली बरीच आजारी आणि भेदरलेली. सायबेरियातून आलेली कित्येक मुले पावाचे तुकडे उशीखाली लपवून ठेवत, कारण उद्या मिळेल याचा त्यांना भरवसाच नव्हता. अशा मुलांना वेळेवर जेवण, शाळा, खेळ, प्रार्थना आणि शिस्त यांची सवय पुन्हा लावायची होती. प्लुता कडक होते आणि मुले त्यांना वचकून असत. धर्मोपदेशकाचे काम, वसतिगृहाच्या रेक्टरचे काम आणि घरातल्या वडीलधाऱ्याचे काम ही तिन्ही एकाच माणसावर येऊन पडली होती.

वळिवडे

इराणमध्ये थांबलेल्या बायकामुलांसाठी मोठी जागा हवी होती. ती कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, पंचगंगेच्या परिसरात, कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरील वळिवडे येथे ठरली. १९४३ पासून कराचीमार्गे आगगाड्या भरून माणसे येऊ लागली. येथील खर्चाचा भार मुख्यतः लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारवर होता.

बराकींच्या रांगा, प्रत्येक कुटुंबाला छोटी खोली आणि स्वयंपाकाची जागा, प्राथमिक व माध्यमिक शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच, स्काउट पथके असे सगळे तिथे उभे राहिले. छातीच्या दुखण्याने आजारी असलेल्या मुलांना हवापालटासाठी पाचगणीला पाठवले जाई. बाजारहाट, दूध, भाजी, शिवणकाम, टांगे यांतून आसपासच्या गावांशी रोजचा संबंध आला. एका पोलिश तरुणीने कोल्हापुरातल्या तरुणाशी लग्न केले आणि ती कायमची इथलीच झाली. जे या मातीतच संपले त्यांच्या कबरी आजही कोल्हापुरात आहेत.

त्या वेळी आपला मुलूख

या काळात आपला मुलूख स्वतः सुखात नव्हता, हे विसरता कामा नये. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक दिली गेली. हिंडलग्याच्या तुरुंगात सत्याग्रही होते आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहत होते. १९४३ मध्ये बंगालात भीषण दुष्काळ पडला. धान्याला रेशन लागले. ज्या ब्रिटिश राजवटीच्या परवानगीने पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला, तीच राजवट इथल्या माणसांना तुरुंगात डांबत होती.

ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. आम्हाला वाटते, ती शेजारी शेजारी ठेवूनच वळिवड्याची गोष्ट सांगावी. पाहुणचाराचे श्रेय साम्राज्याला देऊन मोकळे होणे चुकीचे ठरेल. स्वतः दबलेल्या मुलखाने परक्या दबलेल्यांना शेजारी म्हणून वागवले, हे जास्त मोलाचे आहे.

युद्ध संपले आणि खरा पेच आला

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे बड्या राष्ट्रांची बैठक झाली. पोलंडची पूर्वेकडची सरहद्द पश्चिमेला सरकवण्याचे तिथे मान्य झाले. वळिवडे आणि बालाचडीतल्या बहुतेकांची गावे ज्या भागात होती तो भाग सोव्हिएत संघात गेला. आज तो युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहे. घर होते तिथेच राहिले, पण ते आता दुसऱ्या देशात होते.

५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन आणि अमेरिकेने वॉर्सातल्या नव्या, सोव्हिएत छत्राखालच्या सरकारला मान्यता दिली. लंडनचे निर्वासित सरकार एका दिवसात बिनमान्यतेचे झाले. छावणीत टांगलेला झेंडा, शाळेच्या दाखल्यावरचा शिक्का, कारकुनाचा पगार हे सगळे ज्या सरकारच्या नावाने चालत होते, ते सरकार जगाच्या लेखी उरलेच नाही. १९४६ पासून निर्वासितांची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेकडे, म्हणजे ‘उन्रा’कडे गेली.

मोठ्यांना निदान विचारले जात होते की तुम्हाला परत जायचे आहे का. अनाथ मुलांचे काय? अल्पवयीन मुलाच्या वतीने पालक बोलतो. पालक नसेल तर सरकार बोलते. आणि आता सरकार होते वॉर्सातले. ज्या सत्तेने या मुलांना घरातून उचलून सायबेरियात नेले, तिच्याच प्रभावाखालच्या सरकारकडे त्यांचा ताबा जाणार होता. वॉर्साने तशी मागणीही केली.

इथे फादर प्लुता, जामसाहेब आणि छावणीशी संबंधित ब्रिटिश संपर्क अधिकारी यांनी मिळून कायद्याची एक वाट काढली. नवानगर संस्थानात त्यांनी मुलांचे पालकत्व रीतसर स्वीकारले. दत्तकाच्या कागदावर सही झाली आणि मुले ‘बेवारस’ राहिली नाहीत. आता त्यांच्या वतीने बोलायला कायद्याने कोणीतरी होते. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली तेव्हा तिथली मुले वळिवड्याला आली. त्यानंतर प्लुता यांनी ऐंशीच्या आसपास अनाथ मुलामुलींना अमेरिकेतल्या कॅथलिक संस्थांकडे नेले. वॉर्साच्या सरकारने त्यांना मुले पळवणारा आंतरराष्ट्रीय गुन्हेगार ठरवले.

हा शिक्का घेऊनच त्यांना पुढे जगावे लागले. मायदेशी परतण्याची वाट त्यांच्यासाठी बंद झाली. एका धर्मगुरूने आपले गाव, आपले लोक आणि आपले चांगले नाव या तिन्ही गोष्टी मुलांच्या बदल्यात दिल्या, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

दुसरी बाजू

या निर्णयावर आक्षेप घेता येतो आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. युद्धात ताटातूट झालेल्या काही मुलांचे नातलग पोलंडमध्ये जिवंत असण्याची शक्यता होती. पोलंड बेचिराख झाला होता आणि तिथेही आपली मुले परत यावीत अशी आस होती. वॉर्साचे सरकार कसे का असेना, जगाने त्याला मान्यता दिली होती. मग एका धर्मगुरूने मुलांचे भविष्य परस्पर ठरवावे का? नव्या देशात, नव्या भाषेत मुलांना जे एकटेपण आले त्याचा हिशेब कोण देणार?

हे प्रश्न खोटे नाहीत. वळिवड्याहून काही जण आपण होऊन पोलंडला परतलेही. आपले मत काहीही असो, एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी लागते. प्लुता आणि त्यांचे सहकारी यांनी अडचण टाळण्यासाठी सही केली नव्हती. सही न करणे सोपे होते. ‘वरून आदेश आला, आमच्या हातात काही नव्हते’ असे सांगून जबाबदारी खांद्यावरून उतरवता आली असती. त्यांनी ती खांद्यावर घेतली, आपल्या नावाने घेतली आणि तिची किंमत स्वतः मोजली. निर्णय बरोबर की चूक याची चर्चा होऊ शकते, पण तो कोणी घेतला हे लपवलेले नाही. जबाबदार माणूस तिथे ओळखता येतो.

यादी आणि सही : जगातली आणखी तीन उदाहरणे

याच युद्धात इतरत्र काय झाले ते पाहिले की एक धागा दिसतो. दडपशाही याद्यांवर चालते. कोणाला उचलायचे, कोणाला रेशन द्यायचे नाही, कोणाला गाडीत बसवायचे हे सगळे आधी कागदावर येते. त्यामुळे वाचवणाऱ्यांची गाठही बहुधा कागदाशीच पडते.

झाकिंथोस, ग्रीस. या बेटावर २७५ ज्यू राहत होते. जर्मन अधिकाऱ्यांनी त्यांची यादी मागितली. बिशप क्रिसोस्तोमोस आणि नगराध्यक्ष लुकास कारेर यांनी जी यादी दिली तिच्यात दोनच नावे होती, दोघांची स्वतःची. दरम्यान ज्यू कुटुंबांना डोंगरातल्या गावांत लपवले गेले आणि बेटावरचे सगळे ज्यू वाचले.

ल शाँबों, फ्रान्स. प्रोटेस्टंट पाद्री आंद्रे त्रोक्मे आणि त्यांच्या पत्नी माग्दा यांच्या पुढाकाराने या डोंगराळ खेड्याने आणि आसपासच्या वस्त्यांनी हजारो निर्वासितांना आसरा दिला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये सरकारी अधिकाऱ्याने ज्यूंची यादी मागितली तेव्हा त्रोक्मे यांनी ती द्यायला नकार दिला. आपण फक्त माणसे ओळखतो, ही त्यांची भूमिका होती. मुलांचे वसतिगृह चालवणारा त्यांचा नातलग दानिएल पकडला गेला आणि १९४४ मध्ये मायदानेकच्या छळछावणीत मरण पावला.

वॉर्सा, पोलंड. मदर मातिल्दा गेत्तेर या फ्रान्सिस्कन संन्यासिनींच्या प्रमुख होत्या. त्यांच्या संस्थेने शेकडो ज्यू मुलांना आपल्या अनाथाश्रमांत लपवले. मुलांसाठी नव्या नावांचे दाखले तयार केले गेले. ज्यूंना आसरा देणाऱ्याला व्यापलेल्या पोलंडमध्ये मृत्युदंड होता. इथे खोटा कागद म्हणजेच जीव होता.

कोणी यादी दिली नाही, कोणी यादीत स्वतःचे नाव घातले, कोणी दुसऱ्या नावाचा दाखला बनवला. प्लुता यांनी पालक म्हणून सही केली. यांपैकी एकाकडेही शस्त्र नव्हते. धर्मगुरू म्हणून त्यांच्या हाती जे होते तेच त्यांनी वापरले : लोकांचा विश्वास, संस्थेची जागा, नोंदवहीवरचा अधिकार आणि स्वतःचे नाव. आणि यांपैकी एकटे कोणीच नव्हते. बिशपबरोबर नगराध्यक्ष होता, पाद्र्याबरोबर अख्खे खेडे होते, मदरबरोबर त्यांच्या भगिनी होत्या, प्लुतांबरोबर एक हिंदू राजा होता. एका कॅथलिक धर्मगुरूने आणि एका राजपूत महाराजाने मिळून परक्या देशातल्या लेकरांचे बाप व्हावे, हे आपल्या देशात घडले.

उमादेवी आणि भारतानंद

वळिवड्याशी संबंधित आणखी एक नाव नोंदवायला हवे. वांदा दिनोव्स्का या पोलिश थिऑसॉफिस्ट युद्धाच्या आधीपासून भारतात होत्या. गांधीजींच्या सहवासात त्या ‘उमादेवी’ झाल्या. भारताची ओळख पोलिश माणसांना व्हावी म्हणून त्यांनी छावणीत काम केले. इथल्या ग्रंथांची पोलिश भाषांतरे छापणारी ग्रंथमाला त्यांनी मॉरिस फ्रिडमन यांच्यासह चालवली.

फ्रिडमन वॉर्साच्या ज्यू कुटुंबातले. इंजिनियर म्हणून ते म्हैसूर संस्थानात आले, पुढे संन्यास घेऊन ‘भारतानंद’ झाले. औंध संस्थानात प्रजेला सत्ता देणारी १९३९ ची घटना तयार होताना त्यांचा त्यात मोठा वाटा होता. निसर्गदत्त महाराजांचे मराठी निरूपण इंग्रजीतून जगापुढे नेले तेही त्यांनीच. तिबेटी निर्वासित भारतात आले तेव्हा या दोघांनी पुन्हा निर्वासितांच्या कामाला वाहून घेतले. उमादेवींचे १९७१ मध्ये म्हैसूरला निधन झाले. आपल्या बाजूची माणसे मुंडगोडची तिबेटी वसाहत पाहायला जातात. वळिवडे आणि तिबेटी निर्वासित यांच्यात उमादेवींच्या रूपाने असा एक दुवा आहे.

सीमाभागातून पाहताना

आपल्या भागातल्या माणसाला सरहद्द हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. माणसे आपल्या घरातच होती, राज्य बदलले. भाषेचा, शाळेचा, कागदपत्रांचा प्रश्न तेव्हापासून आपल्या रोजच्या बोलण्यात आहे.

पण ही तुलना फार ताणू नये, असे आमचे मत आहे. आपल्याला कोणी मालगाडीत भरून नेले नाही आणि आपल्या गावांत मराठी आणि कन्नड माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या सुखदुःखात उभी राहत आली आहेत. पोलिश मुलांनी सोसले ते निराळेच. तरीही एक गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळू शकते. नकाशावरची रेघ सरकली की माणसाच्या हातातला कागद बदलतो आणि कागद बदलला की आपण कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी ‘हा माझा’ असे म्हणणारा एक जण लागतो. तो शेजारी असेल, शिक्षक असेल, मठातले स्वामीजी, मशिदीतले मौलवी किंवा चर्चमधले फादर असतील. त्याची भाषा कोणती आणि धर्म कोणता, हे त्या घटकेला दुय्यम ठरते.

छावणीनंतर

१९४७-४८ मध्ये वळिवड्याची छावणी रिकामी होत गेली. ज्यांचे वडील, नवरे किंवा भाऊ पोलिश सैन्यात लढले होते अशी बरीच कुटुंबे ब्रिटनला गेली. इतर काही अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात, काही पोलंडला. त्याच बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे उतरली आणि गांधीनगर वसले. एका निर्वासिताने सोडलेले छप्पर दुसऱ्या निर्वासिताला मिळाले.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. २०१९ मध्ये छावणीत वाढलेली काही वयोवृद्ध मंडळी पोलंडच्या प्रतिनिधींसह कोल्हापूरला येऊन गेली. वॉर्सामध्ये जामसाहेबांच्या नावाने चौक आहे आणि वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारकही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी या दोन्ही ठिकाणी आदरांजली वाहिली, तेव्हा वळिवड्याचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आले.

थोडक्यात कालक्रम

१७ सप्टेंबर १९३९ : सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडमध्ये शिरले.
१० फेब्रुवारी १९४० : पहिली मोठी हद्दपारी.
३० जुलै १९४१ : पोलिश-सोव्हिएत करार, हद्दपारांना मोकळीक.
१९४२ : पहिली मुले मुंबईत, नंतर बालाचडीला.
१९४३ : वळिवड्याची छावणी सुरू.
फेब्रुवारी १९४५ : याल्टा परिषद, पोलंडची पूर्व सरहद्द बदलण्याचा निर्णय.
५ जुलै १९४५ : वॉर्सातल्या नव्या सरकारला ब्रिटन-अमेरिकेची मान्यता.
१९४६ : बालाचडी बंद, मुले वळिवड्याला.
१९४८ : वळिवड्याची छावणी बंद, पुढे गांधीनगर.

मुलांना सांगताना

सभासद कुटुंबांना आमची एक सूचना आहे. ही गोष्ट घरात सांगताना ‘थोर माणसे’ एवढ्यावर थांबू नये. मुलांना विचारावे, फादर प्लुतांनी सही केली नसती तर त्यांचे काय बिघडले असते? उत्तर सरळ आहे : काहीच नाही. ते सन्मानाने मायदेशी गेले असते. मग त्यांनी ती का केली, यावर मुलांना बोलू द्यावे. मोठी मुले विरोधी बाजूही मांडतील, तीही ऐकावी.

पुढच्या वेळी गांधीनगरला खरेदीला गेलात तर तासभर वेळ काढून महावीर उद्यानातला स्तंभ मुलांना जरूर दाखवा. ज्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना छावणीच्या काळातल्या काही आठवणी आहेत, त्यांनी त्या लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून मंडळाकडे द्याव्यात. त्या काळी दहा वर्षांचे असलेले आज नव्वदीच्या आसपास आहेत. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.